पाखरांची शिकार आणि कुत्र्याची निवड : करवीर संस्थान व दक्षिण मराठा मुलखासंबंधी एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

शिकारीचा इतिहास बहुधा शिकाऱ्याच्या बाजूने लिहिला गेला आहे. कोणत्या राजाने किती वाघ मारले, कोणत्या साहेबाने कोठे तळ दिला, याच्या नोंदी विपुल आहेत. परंतु शिकारीत प्रत्यक्ष श्रम करणारे घटक, म्हणजे रान उठवणारे हाकारे, फास लावणारे पारधी, हातावर ससाणा बाळगणारे सेवक आणि शिकारी कुत्री, हे या इतिहासात ओझरते येतात. प्रस्तुत लेखात यांपैकी कुत्र्याचा विचार एका मर्यादित प्रश्नाच्या आधारे केला आहे.

तो प्रश्न असा : युरोपात, विशेषतः इंग्लंडमध्ये, माळावरील व झुडपांतील पाखरांच्या शिकारीसाठी लहान चणीच्या कुत्र्यांच्या स्वतंत्र जाती घडवल्या गेल्या. स्पॅनियल हे त्यांचे ठळक उदाहरण होय. करवीर संस्थानात आणि त्याला लागून असलेल्या दक्षिण मराठा मुलखात तितर, लावे, पखुर्डी अशा पाखरांची मुळीच वाण नव्हती व त्यांची शिकारही परंपरेने होत होती. असे असताना या भूमीत पाखरांचा लहान कुत्रा का घडला नाही? येथे घडला तो उंच, सडपातळ, सशामागे धावणारा कारवानी अथवा मुधोळ कुत्रा. कुत्र्याची निवड ही आवडीनिवडीची बाब वाटते. परंतु तिच्यामागे भूमी, सावज, हत्यार आणि मनुष्यश्रमाची व्यवस्था असे चार घटक असतात, आणि त्यांपैकी चौथ्या घटकाकडे आजवर पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे येथे मांडावयाचे आहे.

भूमी आणि सावज

कोल्हापूर जिल्ह्याची रचना पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने बदलते. गगनबावड्यास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील शिरोळ भागात तो सहाशे मिलिमीटरच्या आसपास राहतो. पश्चिमेस दाजीपूर, राधानगरीचे दाट रान, मध्यभागी डोंगरांच्या सोंडा व नद्यांची खोरी, आणि पूर्वेस हातकणंगले, शिरोळपासून अथणी, जमखंडी, मुधोळपर्यंत पसरत जाणारा कोरडा माळ, असे तीन पट्टे स्पष्ट दिसतात. पश्चिमेच्या रानात रानकोंबडा व चकोत्री. मधल्या झुडपी टेकड्यांत तितर. पूर्वेच्या माळावर लावे, पखुर्डी, तणमोर आणि एके काळी माळढोक, असे पाखरांचे वाटप होते. माळावर ससा, काळवीट, खोकड व लांडगा ही चौपायी सावजेही होती.

या पाखरांच्या सवयी शिकारीची रीत ठरवतात. तितर संकट दिसताच सहसा लगेच उडत नाही. तो झुडपांच्या आडोशाने वेगाने पळतो आणि अगदीच जवळ गेल्यावर पंखांचा मोठा आवाज करीत उसळतो. लावा गवतात दबून बसतो. माणसाचा पाय जवळ पडेपर्यंत तो हालत नाही. म्हणजे या पाखरांना डोळ्यांनी शोधणे जवळपास अशक्य असते. त्यांना वासावरून हुडकावे लागते, मग उठवावे लागते आणि पडल्यावर गवतातून शोधून आणावे लागते. शोधणे, उठवणे व आणणे ही तीन कामे एकाच लहान, चपळ, झुडपात शिरणाऱ्या जनावराकडून करून घेणे म्हणजेच पाखरांचा कुत्रा घडवणे होय. सशाचे तसे नाही. उघड्या माळावर उठलेला ससा डोळ्यांना दिसतो. तेथे नाकापेक्षा नजर आणि पाय यांचे मोल अधिक.

प्राचीन व मध्ययुगीन साधने

या प्रदेशात शिकारी कुत्र्याची प्रतिष्ठा जुनी आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळातील आतकूर येथील वीरगळ (इ. स. ९४९–५०) या दृष्टीने उल्लेखनीय आहे. आज कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात असलेल्या या गावी रानडुकराशी झुंजताना मेलेल्या ‘काळी’ नावाच्या कुत्रीचे स्मारक उभारले गेले. आतकूर कोल्हापूरपासून दूर असले, तरी दोन्ही प्रदेश तेव्हा एकाच साम्राज्याच्या प्रभावक्षेत्रात होते. वीराबरोबर कुत्र्याचेही नाव शिळेवर कोरले जावे, ही गोष्ट त्या काळच्या मूल्यव्यवस्थेवर प्रकाश टाकते. मात्र ती कुत्री डुकराशी झुंजणारी होती, पाखरे उठवणारी नव्हती.

यानंतरचा महत्त्वाचा पुरावा म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ (इ. स. ११२९ च्या सुमारास). कोल्हापूरचे शिलाहार त्या वेळी या चालुक्यांचे मांडलिक होते. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये ‘सारमेयविनोद’ आणि ‘श्येनविनोद’ हे दोन वेगळे विषय आहेत. पहिल्यात कुत्री, दुसऱ्यात ससाणे. ही विभागणीच बोलकी आहे. कुत्रा हा जमिनीवरील सावजासाठी व ससाणा हा पाखरांसाठी, असे कामाचे वाटप दख्खनच्या दरबारी परंपरेत तेव्हाच स्थिर झालेले दिसते. पुढे मुसलमानी राजवटींत ससाण्याच्या शिकारीला फार्सी परिभाषेची जोड मिळाली. बाज व शिक्रा हे शब्द मराठीत त्याच वाटेने रुजले.

याच्या तुलनेत इंग्लंडची वाट पाहण्यासारखी आहे. डॉ. जॉन कायस यांनी १५७० मध्ये इंग्लंडमधील कुत्र्यांवर लॅटिन पुस्तिका लिहिली. तीत पाखरांसाठी वापरल्या जाणाऱ्या कुत्र्यांचा स्वतंत्र वर्ग आहे. त्यांतील काही ससाण्यासोबत, तर काही जाळ्यासोबत काम करीत. स्पॅनियल पाखरे उठवी आणि ससाणा त्यांवर झडप घाली. सेटर हा कुत्रा पाखरांचा वास लागताच दबून बसे आणि शिकारी त्याच्यावरून पुढे जाळे टाकीत. म्हणजे पाखरांचा कुत्रा बंदुकीच्याही आधी तेथे होता. म्हणून ‘बंदूक आली, मग कुत्रा आला’ एवढे स्पष्टीकरण पुरेसे नाही. ससाणा व जाळे दोन्हीकडे होते. तरी एकीकडे कुत्रा घडला आणि दुसरीकडे घडला नाही. फरक अन्यत्र शोधला पाहिजे.

पारधी, हाकारे आणि वेठ

हा फरक मनुष्यश्रमात सापडतो. पाखरे शोधण्याचे काम या मुलखात पारधी समाज करीत असे. तितराचा पाळलेला नर पिंजऱ्यात घालून माळावर ठेवायचा, त्याच्या भोवती बारीक फासांची रांग मांडायची आणि त्याच्या आवाजाने चिडून लढायला येणारा रानातील नर फासात अडकवायचा, ही पारध्यांची रीत प्रसिद्ध आहे. तितराच्या हद्दीच्या अभिमानाचा इतका नेमका उपयोग करणारी ही पद्धत कुत्र्याची गरजच नाहीशी करते. पारध्यांच्या पोटविभागांची प्रचलित नावेही येथे विचारात घ्यावीत. फासेपारधी, गायपारधी, चित्तेपारधी ही नावे साधनांवरून पडलेली आहेत : फास, आडोशासाठी शिकवलेली गाय आणि पाळीव चित्ता. पारध्यांच्या पालावर कुत्री असत. परंतु त्यांची व्यावसायिक ओळख कुत्र्यावरून ठरली नाही.

पाखरे उठवण्याचे काम हाकाऱ्यांचे होते. सरदार, इनामदार वा अधिकारी शिकारीस निघाला की गावच्या वतनी सेवकांना व गोरगरीब रयतेला रान उठवण्यास जावे लागे. पडलेले पाखरू काट्याकुट्यांतून शोधून आणणे हेही याच माणसांचे काम. या श्रमाला मोबदला असेच असे नाही. तो वेठीचा भाग होता. जेथे एका हुकुमासरशी पन्नास माणसे माळावर उभी राहतात, तेथे पाखरे उठवणारा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या जोपासण्याचे कारण उरत नाही. कुत्र्याला शिकवावे लागते, खाऊ घालावे लागते, त्याची वीण जपावी लागते. वेठीच्या माणसासाठी यांपैकी काहीच करावे लागत नसे. हे विधान कठोर वाटेल, परंतु श्रमव्यवस्थेचा हिशेब असाच होता.

यावर एक आक्षेप संभवतो. इंग्लंडमधील मोठ्या जमीनदारांच्या शिकारीतही हाकारे असत. हे खरे आहे. तथापि तेथे सोबत एकदोन माणसे घेऊन पायी हिंडत केली जाणारी शिकारही रूढ होती, आणि लहान पाखरी कुत्र्याचे खरे क्षेत्र तेच होते. एकट्यादुकट्या शिकाऱ्याला जो साहाय्यक लागतो, तो कुत्रा होय. दख्खनमध्ये एकट्याने शिकार करणारे होते ते पारधी, धनगर, बेरड, रामोशी आणि सामान्य शेतकरी. त्यांच्याजवळ ससाणा नव्हता आणि हाकारेही नव्हते. त्यांनी कुत्रा घडवला खरा. पण छटाकभर मांसाच्या लाव्यासाठी नव्हे, तर घरच्या चार माणसांना पुरेल अशा सशासाठी. ज्याला पोट भरावयाचे आहे त्याची निवड आणि ज्याला विनोद करावयाचा आहे त्याची निवड एक असत नाही.

या संदर्भात राजर्षी शाहू महाराजांच्या (१८७४–१९२२) दोन निर्णयांकडे वेगळ्या दृष्टीने पाहता येते. महाराज स्वतः निष्णात शिकारी होते. काळविटांच्या शिकारीसाठी करवीर संस्थानात चित्ते पाळले जात. देशातील चित्ते दुर्मिळ झाल्यावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात करवीर व भावनगर या संस्थानांनी ते आफ्रिकेतून आणवले. शिकारीच्या निमित्ताने महाराजांचा फासेपारध्यांशी निकटचा संबंध आला आणि त्यांना त्यांनी आसरा व काम दिले. ज्यांच्यावर १८७१ च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का बसला होता, त्यांच्या अंगची कसबे त्यांनी ओळखली. संस्थानात १९१८ मध्ये काही जातिजमातींवरील हजेरीची सक्ती उठवण्यात आली आणि १९१९–२० च्या सुमारास वेठबिगारी बंद करण्याचे हुकूम निघाले. हे निर्णय सामाजिक न्यायाचे म्हणून योग्य रीतीने गौरवले जातात. त्यांचा एक परिणाम असाही होता की रान उठवणाऱ्या फुकट श्रमाचा नैतिक आधारच त्यांनी काढून घेतला.

कारवानी : जात कोणाची, नाव कोणाचे?

आता येथे प्रत्यक्ष घडलेल्या कुत्र्याकडे वळू. निमुळते लांब डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब पाय, उंची सुमारे सत्तर सेंटिमीटर व वजन वीस ते अठ्ठावीस किलो, असे त्याचे रूप आहे. वासापेक्षा नजरेवर चालणाऱ्या कुत्र्यांच्या गटात तो मोडतो. पश्चिम आशियातील सलुकी व ताजी या कुत्र्यांशी त्याचे साम्य स्पष्ट आहे. व्यापारी तांडे व लष्करे यांबरोबर त्याचे पूर्वज दख्खनमध्ये आले असावेत, असा सर्वसाधारण समज आहे. ‘कारवानी’ हे नाव तांड्यावरून आले. कान व शेपटीवर रेशमी केस असलेल्या प्रकारास ‘पश्मी’ म्हणतात. ‘पश्म’ म्हणजे फार्सीत लोकर.

मुधोळ हे घोरपडे घराण्याचे छोटे संस्थान कोल्हापूर व दक्षिण मराठा मुलखाच्या एजन्सीत मोडत होते. तेथील राजेसाहेबांनी या कुत्र्यांची जोपासना केली, एक जोडी सम्राट पंचम जॉर्ज यांना भेट दिली आणि तेव्हापासून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले, असे सर्वत्र नोंदवले जाते. घोरपडे घराण्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु राजाने निवडलेली जोडी मुळात कोणाच्या दारातून आली, हा प्रश्न शिल्लक राहतो. माळावर सशामागे सुटणारा, तुकडाभर भाकरीवर राहणारा आणि उन्हात टिकणारा कुत्रा शेकडो वर्षे निवडत आणणारे लोक निरक्षर होते. त्यांची निवड कागदावर नाही. ती कुत्र्याच्या अंगावर आहे. आजही या जातीच्या नावाविषयी एकवाक्यता नाही : देशातील एक श्वानसंस्था तिला ‘कॅरव्हान हाउंड’ म्हणते, तर दुसरी ‘मुधोळ हाउंड’. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या वादात तांड्याची स्मृती आणि संस्थानाची स्मृती परस्परांसमोर उभ्या आहेत.

इंग्रजी बंदूक आणि स्पॅनियल

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागून काडतूस भरण्याची बंदूक सर्वत्र पसरली. ठासणीच्या बंदुकीपेक्षा ती कितीतरी वेगाने भरता येई. परिणामी उडत्या पाखरावर छऱ्यांनी बार टाकण्याचा छंद वाढला. ह्यूम आणि मार्शल यांचा भारतातील शिकारी पाखरांवरील त्रिखंडात्मक ग्रंथ १८७९ ते १८८१ या काळात प्रसिद्ध झाला, यावरून त्या छंदाची व्याप्ती लक्षात येते. इंग्लंडमध्ये केनेल क्लब १८७३ मध्ये स्थापन झाला होता आणि जातींची काटेकोर व्याख्या होऊ लागली होती. बारा ते पंधरा किलो वजनाचा कॉकर स्पॅनियल १८९३ मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्य झाला. असे कुत्रे इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर हिंदुस्थानात आले आणि संस्थानिकांच्या वाड्यांतही पोहोचले.

परंतु इंग्लंडच्या ओलसर झुडपांसाठी घडलेले हे जनावर दख्खनच्या माळावर अडखळले, याची कारणे उघड आहेत. दाट केसांमुळे उष्णता सहन होत नाही. गोचिडांपासून होणारा ताप परदेशी कुत्र्यांना घातक ठरतो. आणि आपल्या माळावरील कुसळी गवताची अणकुचीदार बी लोंबत्या कानांत व बोटांच्या बेचक्यांत शिरून आत सरकत जाते. ज्या हंगामात तितर-लाव्यांची शिकार करावयाची, त्याच हंगामात कुसळे पिकलेली असतात. कारवानीची आखूड लव व कोरडे पाय यांचा अर्थ या कुसळांच्या संदर्भात समजतो. स्पॅनियल वाड्याच्या अंगणात शोभला. माळाने त्याला स्वीकारले नाही.

शिकारीनंतर

स्वातंत्र्योत्तर काळात चित्र पालटले. १९५१ चा मुंबई वन्य पशू व वन्य पक्षी संरक्षण अधिनियम, १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आणि परवान्याने होणारी शिकारही थांबवणारी १९९१ ची दुरुस्ती, या क्रमाने शिकार कायद्याबाहेर गेली. संस्थानकाळी शिकारीसाठी राखलेले दाजीपूरचे रान १९५८ मध्ये अभयारण्य झाले. हा बदल सर्वस्वी योग्यच होता. तथापि माळाचे संरक्षण त्या प्रमाणात झाले नाही. पंचगंगा-कृष्णेच्या खोऱ्यात सिंचन वाढले, उसाने गवत मागे सारले, आणि ज्या पाखरांची शिकार बंद झाली त्यांचे घरच आक्रसले. पाखरू बंदुकीतून वाचले, पण नांगरातून वाचले नाही.

कारवानीचेही काम संपले. २००५ मध्ये टपाल खात्याने मुधोळ हाउंडचे तिकीट काढले. मुधोळजवळ तिम्मापूर येथे या जातीचे संशोधन केंद्र उभे राहिले. पुढे लष्कराच्या मीरत येथील केंद्रात या कुत्र्यांना प्रशिक्षण देण्यात आले. हे स्वागतार्ह आहे. मात्र निवडीचा निकष बदलला की जात बदलते. जो कुत्रा पूर्वी धाव, दम व काटकपणा यांवर निवडला जाई, तो आता उंची, रंग व वंशावळीच्या कागदावर निवडला जात आहे. शहरातील सदनिकांत मात्र स्पॅनियल व बीगल ही लहान कुत्री सुखाने नांदतात. त्यांचे नाक ज्या पाखरांसाठी व सशांसाठी घडले, ती त्यांच्या आयुष्यात कधी येत नाहीत.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. पाखरांचा लहान कुत्रा हा केवळ पाखरांच्या विपुलतेमुळे घडत नाही. शोधणे, उठवणे व आणणे ही कामे दुसरे कोणी करीत नसेल, तरच तो घडतो.

२. दक्षिण मराठा मुलखात ही कामे पारधी, ससाणा आणि वेठीचे हाकारे यांच्यात वाटली गेली होती. म्हणून येथील श्रीमंताला पाखरी कुत्र्याची गरज भासली नाही आणि गरिबाला तो परवडला नाही.

३. कारवानी कुत्रा ही कष्टकरी समाजांच्या दीर्घ निवडीची निर्मिती आहे. संस्थानी आश्रयाने तिला नाव व मान मिळाला. मूळ निवड मात्र माळावरची आहे.

कोल्हापूर येथील पुरालेखागारातील संस्थानी दप्तरे आजवर मुख्यतः राजकीय व सामाजिक सुधारणांच्या अंगाने अभ्यासली गेली. शिकारखान्याच्या खर्चाकडे, हाकाऱ्यांच्या मजुरीकडे आणि कुत्र्यांच्या रतिबाकडे याच दप्तरांतून पाहिले, तर श्रमाच्या इतिहासाचे एक नवे दालन उघडू शकेल. त्याचबरोबर सीमाभागातील धनगरवाडे, तांडे व पारध्यांच्या वस्त्या येथील वृद्धांच्या मुलाखती घेण्याचे काम इतिहास, समाजशास्त्र व प्राणिशास्त्र या विभागांनी मिळून हाती घ्यावयास हवे. कुत्रा कसा निवडावा याचे ज्ञान त्यांच्याजवळ आहे. ते सांगणारी पिढी आता थोडीच उरली आहे, आणि त्यांच्या शब्दांवाचून या जातीचा इतिहास मुधोळच्या वाड्यापाशीच सुरू होत राहील.